वन्संच्या केसांना लावलेला काळा रंग

नवऱ्याला माहीत नाही. मुलीला नाही. जिचं नुकसान केलं त्या वन्संना तर नाहीच — निदान मी तसं धरून चालले आहे. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते. आणि विषय काय, तर केसांना लावायचा डाय. हसाल. हसा खुशाल, मीही इतकी वर्षं हसण्यावारीच नेत आले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आमच्याकडे खांदा कॉलनीत राहायला आल्या त्या आमच्याच होऊन गेल्या. मी बेलापूरला नोकरीला. सकाळी पर्स उचलायची आणि घर त्यांच्यावर टाकून निघायचं, हा माझा संसार. मुलीचा डबा, तिची वेणी, तिचा अभ्यास. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं — सगळं म्हणजे अगदी सगळं — वन्संनी केलं. आणि वर मी दमून आले की म्हणायच्या, आल्या का राणीसरकार, चहा ठेवलाय हो. चिडवल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. मला त्या फार आवडायच्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

साठीला टेकल्या असतील, तेव्हा वन्संना मागणी आली. हो, लग्नाची. संध्याकाळी त्या बागेत फिरायला जायच्या, तिथे एक गृहस्थ यायचे. मूळचे कोन गावचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकीकडे राहत होते. दोघं बाकावर बसून पेपरातलं कोडं सोडवायची. एक दिवस त्यांनी आमच्या शेजारच्या म्हात्रेकाकूंकरवी रीतसर विचारलं — लग्न करू, कोनच्या घरी दोघं राहू. रविवारी लेकीला घेऊन भेटायला येतो म्हणाले.

माझा नवरा तर लहान पोरासारखा खूश झाला. सासूबाईंना धड बोलता येत नव्हतं, त्यांनीही अडखळत 'जाऊ दे तिला' म्हटलं. आणि मी? मी पेढे आणले. पण बसमध्ये बसल्यावर माझे हिशेब सुरू व्हायचे. सासूबाईंना कूस कोण बदलून देणार? भरवणार कोण? नोकरी सोडावी लागेल का? एवढंच होतं का पण? संध्याकाळी दार उघडून 'राणीसरकार' म्हणणारं माणूस कोनला जाणार होतं. दुसऱ्या कुणाला तरी चिडवायला.

शनिवारी दुपारी वन्सं स्वयंपाकघरात आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "शैला, माझ्या केसांना काहीतरी करतेस का गं? फार नको हां. नुसतं — त्यांच्या लेकीला वाटायला नको, बाबांनी आजीबाई पसंत केली म्हणून." आयुष्यात कधी काही लावलं नव्हतं त्यांनी. लाजल्या होत्या, अहो! मी दर महिन्याला घरीच डाय करायचे, त्यामुळे त्यातली जाणकार मी.

तपकिरी आणायचा असं ठरलं होतं. पांढऱ्या केसांवर तो सौम्य दिसतो. दुकानदारानं विचारलं, काळा देऊ की तपकिरी? मी म्हटलं, काळा. का म्हटलं? काळा जास्त टिकेल म्हणून — असं मी तेव्हा मनाला समजावलं. बघा, अजूनही आडवळणानंच चालले आहे. डाय लावताना आधी कपाळाच्या कडेला, कानांना खोबरेल चोपडायचं असतं, म्हणजे कातडीवर डाग पडत नाहीत. स्वतःला लावताना मी ते कधी विसरले नाही. वन्संना नाही लावलं. बाटली समोर होती.

धुवायची वेळ झाली तेव्हा त्यांनी विचारलं, धुऊ का आता? मी म्हटलं, थांबा हो, चढू दे अजून. आणि आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा थांबा म्हटलं. खांद्यावर जुना टॉवेल घेऊन स्टुलावर बसल्या होत्या बिचाऱ्या, काहीतरी गुणगुणत.

तर — मी हे मुद्दाम केलं. झालं सांगून.

केस धुऊन आल्या तर डोक्यावर टोप चढवल्यासारखं काळंकुळकुळीत, खाली भुवया पांढऱ्या. कपाळावर, कानांवर, मानेवर काळे पट्टे. बेसन लावलं, लिंबू चोळलं, काही उपयोग नाही. आरशात बघून पहिल्यांदा त्याच हसल्या. म्हणाल्या, "अगं बाई, म्हातारीनं तोंड काळं केलं म्हणतील लोक."

म्हटलं थट्टेत. पण म्हटल्यावर त्यांचा त्यांनाच तो शब्द ऐकू आला. बाईमाणसाला, त्यातून नवरा गेलेल्या बाईला, तोंड काळं केलं म्हणतात तेव्हा काय म्हणायचं असतं ते मी तुम्हाला काय सांगू? हसू तसंच अर्ध्यात थांबलं. पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हात्रेकाकूंना सांगून ये, उद्या येऊ नका म्हणावं. मला शोभणारं नाही हे." केसांविषयी बोलत नव्हत्या त्या.

माझ्या एका वाक्याचं काम होतं. वन्सं, चूक माझी, रंग उतरला की बोलवू त्यांना. म्हटलं का मी? मी चपला घातल्या आणि म्हात्रेकाकूंकडे गेले. इतक्या लगबगीनं मी कुणाचं काम क्वचितच केलं असेल. रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, हे असं कसं झालं? तर वन्संच म्हणाल्या, मीच धुवायला उशीर केला, शैला बिचारी सारखी सांगत होती. मी आमटी वाढत होते. वाढत राहिले.

रंग उतरायला महिने लागले. आधी लालसर झाला, मग गंजासारखा, आणि भांगात पांढरी रेघ रुंदावत गेली. मासळी घेऊन दारावर येणारी कोळीण पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "ह्ये काय केलंस गो बाय? नाय शोभत तुला, हाय तशीच बरी होतीस." आम्ही सगळे खो खो हसलो, वन्संसुद्धा. पण बागेत जाणं त्यांनी सोडलं ते सोडलंच. त्या गृहस्थांनी म्हात्रेकाकूंकडून एकदा पुन्हा विचारून पाहिलं. तोवर केस बरेचसे पांढरे झाले होते, अडचण अशी काही उरली नव्हती. वन्सं म्हणाल्या, नको बाई, हौस फिटली माझी. म्हणताना माझ्याकडे बघत होत्या, मी काही बोलते का म्हणून. मी मेथी निवडत होते. पुढे ते एकटेच कोनला राहायला गेले असं कळलं.

आता सासूबाई नाहीत. मुलगी सासरी आहे. मी रिटायर झाले. दुपारी आम्ही दोघीच असतो — पत्ते खेळतो, रिमोटवरून भांडतो, त्या पानं लपवतात आणि मी पकडलं की मलाच रडी म्हणतात. परवा डाव अर्ध्यावर सोडून, कशावरून कोण जाणे, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरं झालं गं तेव्हा गेले नाही. तुझ्यावाचून करमलं नसतं मला."

मी माझं पान टाकलं. आणि खरं सांगते — ते ऐकून मला फार बरं वाटलं.