काकूंच्या नावावरचं आमचं घर

सीमाभागातल्या वडगावातलं आमचं घर आप्पांनी त्यांच्या येळ्ळूरच्या दोस्ताकडून घेतलं तेव्हा मी शाळेत होतो. व्यवहार साध्या स्टॅम्प पेपरवर झाला. खाली साड्यांचे माग बसले, वर आम्ही राहायला आलो, घरपट्टीही आम्हीच भरत आलो. सबरजिस्ट्रारकडे खरेदी नोंदवायचं मात्र ‘बघू, करू’ म्हणत राहूनच गेलं. पुढं दोघेही दोस्त वारले.

आईचे गुडघे गेले, जिना जमेना, तेव्हा हे घर विकून तळमजल्याचं घ्यायचं ठरवलं. पण आता नवा कायदा आलेला. ई-खाता, म्हणजे मालकीचा कॉम्प्युटरवरचा उतारा, असल्याशिवाय विक्री नोंदवतच नाहीत. आणि महापालिकेच्या कॉम्प्युटरवर मालक म्हणून आप्पांच्या दोस्ताचंच नाव निघालं. वकील म्हणाले, “आधी त्यांच्या वारसांच्या नावावर खाता होऊ दे. मग ते तुम्हाला खरेदी देतील. दिली तर.”

आईला मोटारसायकलवर बसवून येळ्ळूरला गेलो. दोस्ताची बायको, आमच्या काकू, घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांचा मुलगा म्हणाला, “आता तिथं लई भाव हाय. जरा विचार करून सांगतो.”



काकू त्याला म्हणाल्या, “विचार कसला रं? घराच्या त्या पैशात माझं पोटाचं ऑपरेशन झालं. न्हायतर मी आज हितं बसलो असतो व्हय?”

तो उठला. मग आत गेला आणि दोघांची आधार कार्डं घेऊन आला.

ई-खाता झाला. त्यावर आमच्या घराचा फोटो आणि मालक म्हणून त्या मायलेकांचे फोटो. कायद्यानं घर आता त्यांचं होतं, आम्ही नुसते राहणारे. उद्यमबागेत कामावर असलो तरी माझं लक्ष फोनकडे. काकूंचा फोन आला, तो एवढंच विचारायला: “रजिस्टरला कवा यायचं? भातकापणीच्या आत बोलव रं.”

सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात काकूंचा अंगठा मशीनवर उमटेना. पदराला पुसून पुन्हा पुन्हा लावत होत्या. साहेबांनी कन्नडमधून विचारलं, खुशीनं देताय ना?

“व्हय, खुशीनंच. त्यांचंच हाय ते,” काकू मराठीतच म्हणाल्या. शेवटी अंगठा उमटला आणि आईला रडू आलं.

ई-खात्याच्या रांगेत उभा राहून मी त्या कायद्याला लई शिव्या दिल्या होत्या. पण तो आला नसता तर आम्ही अजून ‘बघू, करू’च म्हणत बसलो असतो. काकू आहेत तोवर हे झालं, याचं मला फार बरं वाटतं.

वडगावचं घर विकलं आणि संक्रांतीनंतर शहापुरात तळमजल्याचं घर घेतलं. वास्तुशांतीला काकू मुलासंगं आल्या. आईनं त्यांना आमच्या मागावरची साडी दिली. काकू आत जाऊन ती नेसूनच बाहेर आल्या आणि पंगतीत भात वाढायला लागल्या.