मांडवा जेटीवरचा झाकलेला चेहरा

मंडळी, दुपारी अलिबागहून आल्यापासून कशात लक्ष लागत नाही, म्हणून लिहितोय.

तिथे भाचीने आग्रहाने एका मुलीने केलेलं व्हिडिओंचं प्रदर्शन बघायला नेलं. मांडवा जेटीवरच्या सीसीटीव्हीतली माणसं मोठ्या पडद्यावर चालत होती. त्यात माझी बायको सुनंदा दिसली. ओल्या जेटीवर घसरायला नको म्हणून ती चपला हातात घ्यायची. तशीच चालत होती, मागे वळून कुणाशी तरी बोलत होती. पण चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर ठिपका.

प्रदर्शनवाल्या मुलीला मी विचारलं, चेहरा का झाकला.

"काका, ज्यांनी नंतर आमच्या कॅमेऱ्यासमोर पोज दिली, त्यांचेच चेहरे ठेवलेत. बाकीच्यांना विचारलं नव्हतं, म्हणून झाकले."

"मूळ व्हिडिओ?"

"चेहरे झाकल्यावर तो पुसून टाकला, काका. सॉरी."

सुनंदा गेली त्याला एक पावसाळा उलटला. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर ओढायची. "माझा नको, न्हाय चांगला येत," म्हणायची. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हार घातला. त्यातली बाई मला ओळखू येत नाही.

तुमच्याकडच्या एखाद्या हळदीच्या फोटोत ती मागे कुठे चुकून आली असेल का? बहुतेक नसेलच. तरी एकदा बघाल?