नवाब आत, साहेब बाहेर

"खुलाच है! आ जाओ!"

फाटकाशी कुणाची नुसती सावली पडली, तरी साहेब व्हरांड्यातल्या खुर्चीतून असे ओरडायचे. मग ती सावली मित्राची असो, भाजीवाल्याची असो, नाहीतर पत्ता चुकलेल्या माणसाची. पत्ता चुकलेला माणूसही चहा पिऊनच बाहेर पडायचा.

मी लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला, नल्लकुंट्यात साहेबांच्या शेजारच्या घरी आले, तेव्हा मला याची मोठी मौज वाटली. पुण्यात आमच्याकडे फाटक वाजलं की आधी खिडकीतून "कोण पाहिजे?" विचारतात; उत्तर पटलं तर कडी निघते. साहेबांच्या फाटकाला कडीच नव्हती. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, त्यांचे वडील-आजोबाही हैदराबादच्याच कचेऱ्यांत. घरात मराठी, गल्लीत दखनी आणि रागावले की अस्सल उर्दू, अशी त्यांची वाटणी होती. "बंद फाटक म्हणजे घरात कुणी राहिलं नाही," हे त्यांचं ठाम मत.

त्या वर्षांत गल्लीचं रूप भराभर पालटत होतं. गच्च्यांवरून केबलच्या तारा आल्या, नव्या घरांना उंच कंपाऊंड आली आणि कंपाऊंडवर 'कुत्र्यापासून सावध' अशा पाट्या. साहेब त्या वाचून हसायचे. "पाहुण्याला आधी धमकी, मग चहा! काय तरीका आहे!"

आणि देवाची करणी बघा. त्यांच्याच मुलाला बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली, आणि आपला अल्सेशियन तो आई-वडिलांकडे ठेवून गेला. थोड्या दिवसांसाठी. असे थोडे दिवस कधी संपत नाहीत, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. कुत्र्याचं नाव नवाब. मुलाची म्हणावी अशी घरात तेवढीच एक जिवंत गोष्ट उरलेली, त्यामुळे साहेबांनी त्याला जीव लावला. बांधून ठेवणं त्यांना पसंत नव्हतं. फाटक लावणं तर नव्हतंच.

"काका, कुत्रा पाळलाय, आता तरी फाटक लावत जा," मी एकदा म्हटलं.

"अहो सूनबाई, खानदानी कुत्रा आहे. विचारल्याशिवाय बाहेर पडायचा नाही."

खानदानी कुत्रा धनुर्मासातल्या एका सकाळी न विचारता बाहेर पडला. समोरच्या सरोजम्मा दारापुढे मुग्गु घालत बसल्या होत्या. मुग्गु म्हणजे आपली रांगोळी; धनुर्मासात तेलुगू घरापुढे ती रोज हवीच. बाई खाली बसलीय म्हणजे खेळायला बोलावतेय, असं नवाबला वाटलं असावं. त्यानं मागून त्यांच्या खांद्यांवर पाय टाकले. सरोजम्मा पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं.

गल्ली जमली. सरोजम्मांचा मुलगा संतापला होता. "कुत्ते को भेज दो सारू! आज के आज!"

आपल्याकडे अशा वेळी मध्ये पडणारे असतातच. कुणी तरी म्हणालं, "चावला नाही हो, खेळायला गेला. मुक्या जनावराला काय कळतं?"

"त्याला नाही कळत. मला कळत होतं ना?" साहेब म्हणाले. मग त्या मुलापुढे उभे राहिले. "आज से फाटक बंद, बेटा. मेरी ज़बान है. फिर बाहर दिखा, तो उसी दिन भेज दूँगा."

ते हैदराबादी माणूस. ज़बान दिली म्हणजे दिली. पण फाटक जागचं हलेना! वर्षानुवर्षं उघडं राहून त्याच्या खालच्या गजांत गवत रुजलं होतं, बिजागऱ्या गंजल्या होत्या. रॉकेल ओतून, ढकलून, शेवटी वेल्डर बोलावून कडी बसवली. साहेब शेजारी उभे होते, घरात कुणाचं ऑपरेशन चाललं असावं तसा चेहरा करून.

दुसऱ्या दिवसापासून ते सरोजम्मांच्या दारात हजर. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणत होत्या, मी घालते रांगोळी. "कुत्रा माझा, रांगोळी मीच घालणार." माकडटोपी, स्वेटर आणि हातात पिठाची वाटी. मोडलेला हात झोळीत अडकवून सरोजम्मा पायरीवरून हुकूम सोडायच्या, "पहले चुक्कलु रखो सारू, लकीर बाद में!" चुक्कलु म्हणजे ठिपके. साहेबांचे ठिपके एका रांगेत कधी आले नाहीत. संक्रांतीच्या मुग्गुत रथ काढायचा असतो, तो भाजीच्या हातगाडीसारखा दिसत होता. सरोजम्मा हसल्या, पण नवाबची त्यांना भीती बसली ती बसलीच. तो गजांआडून नुसता भुंकला तरी त्या चटकन घरात जायच्या.

साहेबांचं खरं दुखणं वेगळंच निघालं. मलकपेठेहून दोन जुने दोस्त आले, बंद फाटक पाहिलं, घरात कुणी नाही असं समजले आणि परत गेले. हे कळलं त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. कुत्रा ठेवला की दोस्त जातात, दोस्त ठेवले की कुत्रा जातो.

सकाळी पाहते तो साहेबांनी खुर्ची फाटकाबाहेर, गल्लीत मांडलेली! शेजारी दोन मोडे, म्हणजे वेताची बुटकी स्टुलं. "घरात येता येत नाही ना? मग घरच बाहेर आणलंय."

तेव्हापासून त्यांचा दरबार रस्त्यावर भरायचा. काकू आतून फाटकावरून कप द्यायच्या. नवाब गजांतून नाक काढून बिस्किटाचा वाटा मागायचा. दसऱ्याचं सोनं रस्त्यातच वाटलं जायचं आणि स्कूटरवाले वळसा घालून जायचे. कुणी कुरकुरलं नाही. आत कुणी शिरलंच, तर साहेब खुर्चीतून मागे न बघता ओरडायचे, "कडी लगाओ, मियां!" त्या गल्लीत मी इतकं सुखी माणूस दुसरं पाहिलं नाही.

अशी काही वर्षं गेली. मग एका दुपारी साहेब झोपेतच गेले.

माणसं येऊ लागली. कोठी बाजारातले दुकानदार, मलकपेठेचे दोस्त, कचेरीतले जुने शिपाई. फाटक सताड उघडं पडलं. नवाब माणसांच्या पायांतून वाट काढत बाहेरच्या बाजूला निघाला, तशी साहेबांच्या उशाशी बसलेल्या काकू रडता रडता उठल्या. "फाटक लावा कुणी तरी. त्यांनी शब्द दिलाय."

लावलं. पण मागून येणारी माणसं बाहेरच थांबली. त्यांच्या दारात, त्या दिवशी, माणसं बाहेर उभी!

तेवढ्यात समोरून सरोजम्मा आल्या. कडी काढून आत शिरल्या. नवाबपासून हातभर अंतरावर थांबल्या, पदर कमरेला खोचला आणि पुढे झाल्या. त्यांनी त्याच्या गळ्यातला पट्टा धरला.

"खुला रखो अम्मा," त्या काकूंना म्हणाल्या. "इसको मैं देखती."

आणि त्याला घेऊन त्या आपल्या अंगणात गेल्या. आपलं फाटक त्यांनी लावून घेतलं, कडी घातली आणि ती नीट बसलीय ना, हे दोनदा हलवून पाहिलं.