जमिनीखालच्या पत्रिका

अन्याय अनंत कुलकर्णी यांच्यावर झाला. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंत्राटदाराच्या पत्र्याच्या ऑफिसात. त्यांना जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. मी आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांच्या नोकरीचे कागद घ्यायला टेबलासमोर उभ्या होतो. क्लार्कनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवत आणलं आणि मोठ्यानं वाचलं, "अनंत कुलकर्णी. हेल्पर. अकुशल." काकूंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्याला अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "भाऊ, नीट बघा बरं. ते दुसरे कुणी असतील. आमचे जॉइंटर होते." त्यानं खरंच पान उलटून बघितलं. दुसरे कुणी नव्हते.

जॉइंटर म्हणजे जमिनीखालच्या वीजवाहिन्या जोडणारा माणूस. केबल एका लांबीची येते, रस्ता तिच्यापेक्षा लांब असतो. मधे जोड द्यावाच लागतो. कधी कुणाचा जेसीबी केबल तोडून जातो, तेव्हाही द्यावा लागतो. तुमच्या घरातला पंखा ज्या विजेवर फिरतो ती अशा कितीतरी जोडांतून आलेली असते, आणि प्रत्येक जोड कुणीतरी खड्ड्यात मांडी घालून, चार-पाच तास मान खाली घालून हातानं केलेला असतो. चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंत असे जोड अनंत कुलकर्णींनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, किती दिले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. अकुशल म्हणे!

बातमी आली तेव्हा मी चिकलठाण्याच्या एका गेटसमोर पत्रकं वाटत होते. रविवार होता. सहा दिवस मी खड्ड्यात असते आणि सातव्या दिवशी कंत्राटी कामगारांच्या गेटवर. काकूंचा फोन आला. "रूपाली, अण्णा सकाळी उठलेच नाहीत गं," एवढंच बोलल्या. दोनच दिवस आधी अण्णांनी मला फोनवर चिडवलं होतं, "काय लीडरबाई, आज कुणाचा निषेध?" मी म्हणाले होते, तुमचाच, फोन करत नाही म्हणून. ते हसले होते... हातातली पत्रकं मी टपरीच्या बाकावर ठेवली. ती वाऱ्यानं रस्ताभर झाली तरी उचलायला सुचलं नाही.

मी बिडकीनची. घरची शेती होती, थोडी अजून आहे, वडील आता कंपनीत गाडी चालवतात. आयटीआयला असताना वसतिगृहाच्या पाण्यावर मी पहिलं पत्रक लिहिलं आणि तेव्हापासून हात थांबला नाही. आयटीआय झाल्यावर केबल जोडणीचं शिकाऊ काम मिळालं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "लोकांच्या पोरी बँकेत बसत्यात, आमची खड्ड्यात बसती. शोभतंय व्हय?" पहिल्या दिवशी साइटवर गेले तर सुपरवायझर फाइल खालीवर करत म्हणाला की मुलगी येणार असं कुणी कळवलं नव्हतं. खड्ड्यातून एक टोपी वर आली. टोपीखाली जाड चष्मा, कानाच्या मागं पेन्सिल. "बारीक बोटं हायेत तिची," अण्णा म्हणाले, "माझी आता जाड झालीत. राहू दे." मुलाखत एवढीच.

पहिला महिनाभर त्यांनी मला खऱ्या केबलला हात लावू दिला नाही. भंगारातले तुकडे सोलायला बसवलं. केबल सोलली की थरावर थर निघतात: बाहेरचं जाड आवरण, लोखंडी पट्ट्या, तांब्याची पातळ पट्टी, मग एक काळा थर, त्याखाली पांढरं शुभ्र आवरण आणि मधोमध ॲल्युमिनियमच्या तारा. काळा थर मोजून तेवढाच काढायचा. पांढऱ्यावर सुरीचा ओरखडाही उमटता कामा नये. मग औषधात भिजवलेल्या कागदानं ते पांढरं पुसायचं. आणि पुसायचं ते पांढऱ्याकडून काळ्याकडं, एकदाच, नि कागद फेकून द्यायचा. उलटा हात मारला तर काळ्याची धूळ पांढऱ्यावर बसते. डोळ्याला दिसत नाही. वीज मात्र तिथूनच वाट काढते आणि काही दिवसांनी जोड फुटतो. मी कंटाळून एकदा म्हणाले, अण्णा, पुसायला काय एवढं शिकायचं? ते म्हणाले, "पुसणंच शिकायचं असतंय पोरी. जोडायला काय, जोडतंय कुणीबी."

अण्णा मूळचे कन्नड तालुक्यातले. वडील भिक्षुकी करायचे, लोकांच्या पत्रिका मांडायचे. अक्षर वडिलांनी घोटून घेतलं होतं, छापल्यासारखं. भावंडं बँकेत, कचेरीत गेली. हे एकटे मातीत उतरले. नातेवाइकांनी बोल लावले असतील, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. एवढंच म्हणायचे, "वडलांनी माणसांच्या पत्रिका केल्या, मी जॉइंटच्या करतो." आणि खरंच करायचे. जोड पुरा होत आला, की सगळ्यात वरची रबरी नळी ओढायच्या आधी, खिशातून कागदाची एक चिठ्ठी काढायचे. तिच्यावर नाव, वार, वेळ, जागा. ती टेपमधे गुंडाळून जोडावर बसवायची, वर नळी ओढायची आणि गॅसच्या ज्योतीनं ती आवळून टाकायची. आत कायमची. मी विचारलं, ही वाचणार कोण? "जॉइंट फुटला तर जो उघडंल तो. त्याला कळलं पाहिजे कुणाला धरायचं." आणि नाही फुटला तर? "मग नाय वाचणार कुणी. बरंच की."

या वाक्यातला घोटाळा माझ्या उशिरा लक्षात आला. वाईट काम करणाऱ्याचं नाव लोक वाचतात. चांगलं काम करणाऱ्याचं नाव मातीत राहतं.

आठव्या महिन्यात त्यांनी मला माझा पहिला पूर्ण जोड करू दिला. शेंद्र्यातल्या एका कारखान्याच्या कुंपणाबाहेर. चिठ्ठीवर मी ऐटीत लिहिलं, रूपाली, बिडकीन. नवव्या दिवशी सकाळी तो फुटला. कारखान्याची अर्धी शेड बंद. आम्ही पोहोचलो तोवर सुपरवायझर खड्ड्याच्या काठावर उभाच होता. अण्णांनी जोड कापून उघडला. काळवंडलेल्या नळीतून चिठ्ठी निघाली, एका कडेला जळालेली. सुपरवायझरनं ती सगळ्यांदेखत वाचली आणि म्हणाला, "मी तेव्हाच बोललो होतो. उद्यापासून हिला पाठवू नका."

दुपारच्या सुट्टीत मी वहीचं पान फाडून पत्रक लिहायला घेतलं. मुद्दा पक्का होता. पुसायचे कागद खोक्यात मोजून येतात, आणि स्टोअरवाले त्यातले निम्मे काढून घेऊन निम्मेच आम्हाला देत होते. हे खरं होतं. मथळाही तयार होता: साहित्य त्यांनी चोरलं, नोकरी मुलीची गेली! अण्णा लिंबाखाली डबा खात होते. त्यांना वाचायला दिलं. त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला, वाचलं आणि विचारलं, "पुसताना हात कुठून कुठं गेला तुझा?"

मला माहीत होतं. मी पुसत असताना रस्त्यावरून कंपनीची बस गेली. त्यात आमच्या बिडकीनचे लोक असतात, वडिलांचे चुलतभाऊ असतात. खड्ड्यात बसलेली मी त्यांना दिसू नये म्हणून झटकन मान खाली घातली, ओढणी पुढं ओढली आणि त्या गडबडीत हात मागं आला. काळ्याकडून पांढऱ्याकडं. एकदाच. मला तेव्हाच कळलं होतं. दुसरा कागद घ्यायला शिल्लक नव्हता आणि मागायला तोंड नव्हतं.

अण्णांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मग हे नाय लिहिलं तू." मी म्हणाले, कागद कमी दिले ते खोटं आहे का? "नाय, खरंय. पण ते नंतर लिही. आधी तुझं लिही. मग त्यांचं. मग बघू कोण खोडतंय."

आधी तुझं लिही. पत्रक लिहायला शिकवणाऱ्या मोठमोठ्या लोकांनी मला शब्द दिले, मथळे दिले, मूठ आवळायला शिकवलं. हे कुणी शिकवलं नव्हतं. मी रडत रडत लिहिलं: हात उलटा मारला, चूक माझी. त्याखाली लिहिलं: बदलायला कागद नव्हता, कारण खोक्यातले निम्मे कागद स्टोअरमधे राहतात. कोणत्या खोक्यात किती, तेही लिहिलं. सुपरवायझरनं वाचलं. पहिली ओळ त्यानं दोनदा वाचली. अण्णा त्याला म्हणाले, "साहेब, इतक्या वर्षांत कुणी आपली चूक लिहून दिलीय का तुम्हाला? हिनं दिली. आता हिला काढून शिकवायचं कुणाला, मला?" दुसऱ्या आठवड्यापासून खोकी सीलबंद येऊ लागली. ती आजही तशीच येतात.

मी कामावर राहिले, आणि अण्णांनी तोच जोड मला पुन्हा करायला लावला, त्याच खड्ड्यात. अण्णा काठावर बसले, माझ्याकडं पाठ करून. मी म्हणाले, बघा तरी! "नाय बघणार. मी बघितलं तर हात माझा व्हतो." पाच तास ते रस्त्याकडं तोंड करून बसले. बस आली तेव्हा मात्र मोठ्यानं ओरडले, "लीडरबाई, तुमच्या गावची गाडी आलीय, हात करा की!" मी हातातलं खाली ठेवलं, उभी राहिले आणि हात केला. बसमधून कुणीतरी हात केला. तो जोड अजून टिकून आहे.

शिकाऊपण संपलं, त्या दिवशी ऑफिसनं माझ्या हातात जो कागद दिला त्यावरही हेल्पर असंच लिहिलं होतं. मी चिडून पत्रकाच्या गोष्टी करू लागले. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला डबा घेऊन ऑफिसच्या बाकावर जाऊन बसले. "हिचा शब्द बरोबर करा, मग उठतो." साइटवर काम खोळंबलं, दोनदा बोलावणं आलं, ते उठले नाहीत. दुपारी दीडला माझ्या कागदावर जॉइंटर हा शब्द आला. तो वाचून त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी मला दिली. त्या शब्दावर मी आज उभी आहे. घरचा हप्ता, आईचा बदललेला सूर, गेटवर बोलताना आवाजात येणारी धार... सगळं त्या एका शब्दावर.

आता त्यांच्याच नियमानं. आधी माझं लिहिते. त्या दुपारी बाकावर डब्याशेजारी त्यांचं स्वतःचं कार्ड पडलं होतं आणि मी ते वाचलं होतं. हेल्पर, अकुशल. मी विचारलंसुद्धा, अण्णा, हे काय? ते म्हणाले, "माझं राहू दे गं. बावीस वर्षं चाललंय. नव्या पोरांचं बघ." आणि मी राहू दिलं. सगळ्या जगाच्या अन्यायावर पत्रकं काढणाऱ्या मला वाटलं, वेळ आहे, नंतर काढू. ही माझी चूक. ज्या माणसानं माझ्यासाठी दीड वाजेपर्यंत बाक सोडला नाही, त्याच्यासाठी मी एक सकाळही बसले नाही.

आणि आता त्यांचं. कंत्राटदार तीन बदलले, साहेब किती बदलले, रजिस्टर बदललं, तो शब्द मात्र मागच्या पानावरून पुढच्या पानावर तसाच उतरवला गेला. साहेबांच्या घरची वीज गेली की हेच लोक फोन करायचे, "अण्णांनाच पाठवा, दुसरं कुणी नको." कुशल कोण आहे ते सगळ्यांना पाठ होतं. फक्त लिहायचं नव्हतं.

त्या मंगळवारी ऑफिसातून घरी आल्यावर काकूंनी मला अण्णांची पत्र्याची पेटी दिली. "तुझ्याच कामाची आहे," म्हणाल्या. सुरी, मोजपट्टी, टेपचं अर्धं रीळ, पेन्सिल. तळाशी रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पुढच्या कामांसाठी फावल्या वेळात लिहून ठेवलेल्या. प्रत्येकीवर त्या घोटीव अक्षरात एकच ओळ: अनंत कुलकर्णी, जॉइंटर. खाली वार, वेळ आणि जागा, तिन्ही कोऱ्या. काकूंनी त्यातली एक हातात घेतली आणि म्हणाल्या, "बघ, मी त्या क्लार्कला खोटं नव्हतं सांगितलं." ... ती चिठ्ठी त्यांनी देवघरात ठेवली. बाकीचा गठ्ठा माझ्याकडं आहे. रजिस्टरनं बावीस वर्षांहून अधिक काळ जो शब्द नाकारला, तो या माणसानं स्वतःच्या हातानं शहराभोवतीच्या मातीत ठिकठिकाणी पुरून ठेवलाय. तो वाचायचा तर त्यांचा जोड फुटायला हवा. आणि त्यांचा जोड फुटत नाही.

म्हणून हे तुम्हाला वाचायला लावलं. तुमच्या सोसायटीसमोर, दुकानासमोर, कारखान्याच्या कुंपणाशी एक दिवस खड्डा खणला जाईल आणि त्यात कुणीतरी मान खाली घालून बसलेलं असेल. शिव्या देत वळसा घालून जाऊ नका. काठावर उभं राहा. नाव विचारा. कार्ड दाखवायला सांगा. आणि काम झालं म्हणून तुमच्याकडं सहीचा कागद येईल, तेव्हा त्यावर ते नाव आणि नावापुढं जॉइंटर हा शब्द लिहिलेला आहे का ते बघा. नसेल, तर सही करू नका.