सहा पांढऱ्या थैल्या

नीलमला अमरावतीच्या डिझाइन कॉलेजात चार वर्षं झाली, तरी ती तिथे नेमकं काय शिकते हे घरात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. तिचे वडील डोमाजी मूर्तिजापूरजवळच्या गावात ग्रामपंचायतीचे शिपाई. कुणी विचारलं की ते म्हणत, "वस्तू बनवाचं शिकून राहिली." "कोन्त्या वस्तू?" असं पुढे विचारलं, की ते पाण्याच्या टाकीचा विषय काढत.

शेवटच्या सेमिस्टरला एकच काम होतं. अडचण स्वतः शोधायची आणि तिच्यावर वस्तू स्वतः बनवायची. नीलमला अडचण शोधायला लांब जावं लागलं नाही. तिची आई केशरबाई वीस वर्षं कापूस वेचायला जात होती. कमरेला जुन्या लुगड्याचं फडकं बांधायचं, पुढे त्याची ओटी करायची, वेचलेला कापूस तिच्यात टाकत जायचं आणि संध्याकाळी कंबर धरून घरी यायचं. नीलमने वजन खांद्यावर घेणारी थैली केली. जाड सुती कापड, रुंद पट्टे, पुढे दोन खिसे. कापसातला काडीकचरा उठून दिसावा म्हणून रंग पांढरा. तिचे गाईड कुलदीप सर यांनी रंगाचं खास कौतुक केलं.

जानेवारीत, शेवटच्या वेचणीआधी, तिने सहा थैल्या शिवल्या. एक आईला, पाच आईच्या सोबतिणींना. प्रत्येकीला एक फॉर्मही दिला. नंतर ती कॉलेजच्या कामात अडकली. फोनवर सगळ्या जणी "झकास हाय" म्हणत होत्या, म्हणून तिनेही काळजी केली नाही. मे महिन्यात बाहेरचे परीक्षक येणार होते. वस्तू शेतात वापरल्याचं दिसलं नाही, तर सेमिस्टर पुन्हा करावं लागेल, हे सरांनी वर्गात दोनदा सांगितलं होतं.

परीक्षेच्या चार दिवस आधी ती थैल्या गोळा करायला गावी आली. शालूकाकूंनी पेटी उघडली आणि ठेवणीतल्या साड्यांखालून थैली काढली. कडक घडी, एक डाग नाही.

"काकू, वापरली नाई काय?"

"वापरली नं व. अकोल्याले डॉक्टरकडे गेली तवा नेली. सारे रिपोर्ट मावले."

"वावरात?"

शालूकाकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "इतकी चांगली थैली वावरात कोन नेते?"

दुसरी थैली विहारात वंदनेची पुस्तकं ठेवायला लागली होती. तिसरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेली होती. चौथीत दिवाळीचे कंदील होते. पाचवी गोदाबाईंनी धारणीला भाचीच्या लग्नात आहेर म्हणून दिली होती. "आत ब्लाउजपीस घातला व," त्या म्हणाल्या. रिकामी थैली देणं त्यांना बरं दिसलं नव्हतं. सहावी घरातच होती, तिच्यात नीलमची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं होती. सहाही फॉर्मवर 'चांगली आहे' असं लिहिलेलं होतं. अक्षर डोमाजींचं होतं.

नीलमने अमरावतीला तिच्या खोलीवरच्या आकांक्षाला फोन लावला.

"चहाच्या पाण्यात बुडव," आकांक्षा म्हणाली. "वरून थोडी माती घास. अर्ध्या तासात पाच वर्षं जुनी होते."

"हे खोटं नाही का?"

"स्टायलिंग म्हणायचं."

नीलमने पातेलंभर चहा उकळला. पाच थैल्या बुडवल्या, काठांना काळी माती घासली, दोरीवर वाळत घातल्या आणि प्रोजेक्टचा रिपोर्ट बांधून आणायला मूर्तिजापूरला गेली. परत आली तेव्हा दोरीवर पाच थैल्या होत्या. नव्या होत्या त्याहून पांढऱ्या.

"नीळ बी टाकली," केशरबाई म्हणाल्या. "परीक्षेच्या वस्तू अशा घान न्याच्या काय? कोनाच्या घरची पोट्टी म्हनतीन?"

नीलम ओट्यावर बसली. चहाचं सगळं सांगितलं. केशरबाई कणीक मळत होत्या, मळता मळता त्यांनी ऐकून घेतलं.

"आई, खरं सांग. वावरात काहून नाई नेल्या?"

"झाल्यावर इचार."

"काय झाल्यावर?"

"परीक्षा. पोरीच्या परीक्षेच्या तोंडावर कोनी नावं ठेवते काय?"

चहा संपला होता, दिवसही संपत आले होते. निघताना नीलमने खुंटीवरचं आईचं वेचणीचं फडकं काढून बॅगेत टाकलं.

"आठ दिवसांत आन," केशरबाई म्हणाल्या. "मिरच्या वाळू घालाच्या हायत."

परीक्षेला पौर्णिमा मॅडम म्हणून परीक्षक होत्या. टेबलावर पाच पांढऱ्याशुभ्र थैल्या मांडलेल्या होत्या.

"सहावी?"

"धारणीला, मॅडम. आहेरात गेली."

मॅडमनी चष्मा काढला. नीलमने उरलेला हिशोबही देऊन टाकला. डॉक्टरचे रिपोर्ट, वंदनेची पुस्तकं, खुंटी, कंदील, प्रगतिपुस्तकं. "शेतात एकदाही नाही," ती म्हणाली. कुलदीप सर खिडकीबाहेर पाहू लागले.

"मग शेतात काय वापरतात?"

नीलमने फडकं काढलं. मॅडमनी ते टेबलभर पसरलं, ठिगळं पाहिली, गाठी बांधून पिळलेली टोकं पाहिली. थैल्यांपेक्षा जास्त वेळ पाहिली.

"हे कॉलेजच्या संग्रहात ठेवून जाशील?"

"नाही मॅडम. आईला मिरच्या वाळवायच्या आहेत."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. सेमिस्टर पुन्हा करावं लागणार, हे नीलमने तिथेच गृहीत धरलं.

निकाल आला तेव्हा ती गावातच होती. पास. शेऱ्यात लिहिलं होतं, 'वस्तू अपुरी. माहिती प्रामाणिक. विद्यार्थिनीने पुन्हा गावी जावे.'

दुसऱ्या दिवशी शालूकाकू आणि गोदाबाई आल्या. केशरबाई छतावर फडक्यावर मिरच्या पसरत होत्या.

"पास झाली म्हनते," शालूकाकू म्हणाल्या. "पक्कं काय? कागद आला?"

नीलमने फोनवर दाखवला. काकूंनी तो खाली डोमाजींकडून वाचून घेतला आणि मगच परत वर आल्या. नीलमने परत आणलेल्या थैल्यांतली आपली थैली उचलून खांद्याला लावली.

"मंग आता ऐक. हे खिसे कायले दिले? हात अडकते. पट्टा घासते. भरली का पोटाशी नुसती भट्टी होते."

"तुमाले कसं माईत?"

"दोन दिवस नेली होती नं वावरात. मंग धुवून ठेवली."

"अन् म्या चार दिवस," गोदाबाई म्हणाल्या. "आहेरात द्याच्या आधी. फडकं सोडलं का त्याच्यावर बसून जेवता येते, सावलीले बांधता येते. याच्यावर कसं बसाचं? अन् पांढरी काहून व?"

"मंग तवा काहून नाई सांगितलं?"

"तुयी परीक्षा होती."

नीलमने सहा जणींच्या नावचे जुने फॉर्म आणले. 'सुधारणा सुचवा' याच्यापुढे दोनच कोऱ्या ओळी होत्या. तिने कागद उलटा केला. दोघी एकदमच बोलू लागल्या.

"हळू सांगा व," केशरबाई मिरच्या उलथत म्हणाल्या. "लिवून राहिली ते."