मोटाभाईचा फोल्डर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा छाणीच्या कारखान्यात लेथ मशीनवर. तेव्हा मी आठवणी लिहायचा आव आणतोय याबद्दल आधीच माफी मागतो. लिहिणाऱ्यांच्या घरात म्हणे पुस्तकं असतात. आमच्याकडे गेल्या सालची कॅलेंडरं आहेत.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी आम्ही चित्रांच्या फाइली वाचणारी एक ओपन सोर्स लायब्ररी वापरायचो. देशोदेशींच्या लोकांनी लिहिलेला कोड, कुणीही फुकट घ्यावा. लिनक्सवर तो बिनबोभाट बिल्ड व्हायचा, म्हणजे त्याचा चालता प्रोग्रॅम तयार व्हायचा, पण आमच्या लॅबमध्ये विंडोज. त्यासाठी कुणा जुन्या विद्यार्थ्याने एक बिल्ड फाइल लिहून ठेवली होती आणि तिच्यात आपल्या घरच्या कॉम्प्युटरचाच पत्ता ठोकून दिला होता: डी ड्राइव्ह, फोल्डर ‘मोटाभाई’, गुजरातीत थोरला भाऊ. फाइल सुधारायच्या ऐवजी दरवर्षी अख्खी बॅच आपापल्या मशीनवर ‘मोटाभाई’ नावाचा फोल्डर करायची. गणपती बसवावा तसा.

“अल्या, मोटाभाईने बेसाड्या?” शेजारच्या मशीनवरचा गुजराती मुलगा विचारायचा. बसवले की सगळं चालू.

मी भीत भीत सरांना म्हटलं, “सर, मशीनलाच विचारून पत्ता शोधेल अशी फाइल लिहू का? विंडोज, लिनक्स, कुठेही चालेल.”

“आत्ता चालतंय ना? मग हात कशाला लावतोस?”

तरी लिहिली. प्रोजेक्ट म्हणून तीच पुढे केली. सरांनी ती उघडली नाही. सोबतच्या रिपोर्टच्या बाइंडिंगची जाडी बोटांनी चाचपली. “एवढंसंच? लायब्ररीवाल्यांनी निकालाच्या आत स्वीकारलं तर पास. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू.”

फाइल मेलने परदेशी गेली. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, “परीक्षा गोऱ्यांनी घ्यायची, मग तुझ्या सरांना पगार कसला?”

मी रोज दांडिया बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन मेल उघडायचो. जाहिराती यायच्या, लॉटरी लागायची, उत्तर यायचं नाही.

निकाल लागला. मोटाभाईवाले सगळे पास, दोघांना डिस्टिंक्शन. माझा नंबर बोर्डावर नव्हता. पुढल्या वर्षाची फी भरून मी तसाच कॅफेत गेलो. मेल आली होती:

“तुझी फाइल घेतली. आमच्या सगळ्या मशीनवर नीट चालली. उत्तराला उशीर झाला, आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीवर होतो.”