दुखवट्याचं जेवण

माझा नवरा गेल्यापासून अडीच महिने आत्यांनी भाताचं शीतही तोंडात घातलं नव्हतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. तिकोणा पेठेसारख्या भातशेतीच्या गावात राहायचं, घरचा इंद्रायणी तांदूळ पिकवायचा आणि भात सोडायचा, म्हणजे उपाशीच राहणं. अर्धी भाकरी, कपभर चहा, बस. वजन असंच उतरलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

कारण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. नवरा गेला त्या दिवशी सकाळी मी भात उशिरा टाकला. थांब, शिजतोय, असं त्या त्याला म्हणाल्या. पण कंपनीची बस चुकेल म्हणत तो तसाच गेला आणि दुपारी मशीनजवळच कोसळला. हृदय बंद पडलं, त्यात भाताचा काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी रोज त्यांचं बिनभाताचं ताट मीच वाढायचे. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं, आणि त्याची लाज वाटायची. लोक म्हणायचे, सून खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाले होते.

लोणावळ्याच्या नणंदेकडून आमचा दुखवटा काढायचा राहिला होता. सुतक फिटलं की जवळच्या माणसांनी आपल्या घरी नेऊन जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. तिच्या स्वयंपाकघराचं काम निघालेलं, म्हणून तिने आम्हाला हॉटेलात नेलं. वर्ष व्हायचं होतं, तेव्हा शाकाहारीच हवं होतं, आणि समोर भात यायला नको होता. फोनवर शोधून शोधून तिने व्हिएतनामी जेवणाचं एक साधंसं हॉटेल काढलं. सगळं शाकाहारी, दूध-तूपसुद्धा वर्ज्य. मग पाहुण्याला चहा कशाचा देतात, असं आत्यांनी विचारलं. त्यावर नणंद हसली, मला हसू आलं नाही.

आधी टोफू आणि शेवया घातलेलं सूप आलं. मी चमचा तोंडात घालत राहिले. आंबट होतं की तिखट, आजही सांगता यायचं नाही. मग रोल आले. पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या पापुद्र्यात गाजर, काकडी, पुदिना, आणि सोबत शेंगदाण्याची पातळ चटणी. आत्यांनी एक उचलला, चावला आणि जरा थांबल्या. मग तो संपवला. दुसरा घेतला. नणंदेने टेबलाखालून माझा हात दाबला.

हात धुवायला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंना विचारलं, हा पापुद्रा कशाचा असतो. तांदळाचा, त्या कौतुकाने म्हणाल्या. सूपमधल्या शेवयाही तांदळाच्याच. मी नळ सोडून तशीच उभी राहिले. भात नको म्हणून शोधलेल्या हॉटेलात आम्ही तांदूळच खात होतो. सांगावं, तर आत्या भरल्या ताटावरून उठणार. न सांगावं, तर त्यांचा नेम मी फसवून मोडणार. आधीच एक भात माझ्या नावावर होता. परत येऊन बसले आणि गप्प राहिले. ठरवून नाही, तोंड उघडण्याइतकं त्राणच नव्हतं.

नणंद गाडी आणायला गेली. आत्यांनी ताटलीतला शेवटचा रोल उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरून बघितला.

"पापडी पातळ घातलीय," त्या म्हणाल्या. "वाफ जरा कमी पडली."

दर उन्हाळ्यात तांदळाच्या पापड्या वाफवून अख्ख्या आळीला पुरवणारी बाई ती. एवढं साधं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"जलमभर भात लावला, मला तांदूळ कळत न्हाई व्हय?" त्यांनी रोल चटणीत बुडवला. "पयल्याच घासाला कळलं. पर लय भूक लागलती गं."

तो रोल त्यांनी सावकाश खाल्ला. मग पदराने तोंड पुसलं.

"उद्या भात टाक," त्या म्हणाल्या. "घाई करू नगं. निवांत शिजू दे."

मी हो म्हणाले. आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा मलाही भूक लागली. ताटलीत मात्र काही उरलं नव्हतं.